अंगात राहणारा माणूस

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "सकाळी पोट साफ होतं का?"

नोकरीसाठी वर्ध्याहून पुण्याला येऊन मला आठवडा झाला होता आणि त्या आठवड्यात पाच घरमालक पाहून झाले होते. त्यांनी आडनाव विचारलं, अंडी खाता का विचारलं, कोण कोण भेटायला येणार ते विचारलं. ती सगळी उत्तरं मला पाठ झाली होती. या प्रश्नाचं उत्तर तयार नव्हतं. मी म्हणाले, "होतं नं."

"किती वाजता?"

"तशी ठरलेली वेळ नाही."

"मग होत नाही. झोप?"

आतून बाईचा आवाज आला, "अहो, मुलगी खोली बघायला आलीये. दवाखान्यात नाही आलेली."

"खोलीत माणूसच राहणार ना? मग माणूस बघायला नको?" ते आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तो जिना चढून वर जा."

मी वर गेले. खोली छोटीच होती, पण खिडकीतून सिंहगड दिसत होता. मला वाटलं, खोली दाखवायला म्हणून मला वर पाठवलंय. खाली आले तर ते जिन्याशी कान देऊन उभे होते.

"पाय चांगले आहेत," ते म्हणाले. "या राहायला."

धायरीतल्या त्या घरात मी चार वर्षं राहिले. त्यांना मी काका म्हणायची, त्यांच्या बायकोला काकू. काकू मला दुसऱ्या दिवसापासून अगं-तुगं करायला लागल्या. काका मात्र शेवटपर्यंत अहो-जाहोच करत राहिले. ते सगळ्यांनाच अहो म्हणायचे. अंगणात येणाऱ्या मांजरालासुद्धा "अहो, निघा आता" असं म्हणताना मी त्यांना ऐकलेलं आहे.

त्यांच्या वडिलांचा मंडईत फळांचा गाळा होता. पुढे काकांनी मार्केट यार्डात आडत टाकली आणि चाळीस वर्षं डाळिंब, मोसंबी, पपई यांत काढली. साठीला पुतण्याच्या हातात कारभार देऊन ते घरी आले ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. मात्र हातांची सवय गेली नव्हती. कलिंगड बोटाने टिचकावून ते कुठल्या दिवशी कापावं हे सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. तेच लक्ष आता त्यांनी स्वतःच्या शरीराकडे वळवलं होतं.

रोज सकाळी, ऊन अंगणात उतरलं की काका एक छोटा आरसा घेऊन पायरीवर बसायचे आणि जीभ बाहेर काढून बघायचे. पुढून, मागून, कडेने. मग डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघायचे. मग नखं. मग दोन बोटं मनगटावर ठेवून डोळे मिटायचे. हे सगळं चालू असताना गल्लीतून जाणारा कुणी "काय काका, कसं काय?" असं म्हणाला, तर ते डोळे न उघडता "बघतोय, थांबा," असं म्हणायचे. विचारणारा अर्थातच थांबायचा नाही.

चहा ते प्यायचे नाहीत. बाहेरचं खायचे नाहीत. लग्नाला जायचे नाहीत, कारण लग्नात जेवणाची वेळ दुसरा कुणीतरी ठरवतो. पंखा अंगावर घ्यायचे नाहीत. शिंक आली तर ती का आली याचा शोध लागल्याशिवाय पुढचं काम करायचे नाहीत. यात भित्रेपणा मात्र अजिबात नव्हता. आजारांना घाबरणारी माणसं मी बघितली आहेत, ती दिवसभर आजारांबद्दलच बोलतात. काका आजारांबद्दल बोलायचेच नाहीत. एखाद्याला स्वतःची बाग आवडावी तसं त्यांना स्वतःचं शरीर आवडायचं. सत्तरीला आले होते, पण मांडी घालून बसलेले हात न टेकता उठायचे, आणि उठल्यावर चेहऱ्यावर असं समाधान असायचं की बघणाऱ्याला थोडा रागच यावा.

काकूंचं सगळं उलट. घरात त्या दिवसातून जेमतेम चार तास असायच्या. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा गॅस संपलाय, कुणाची आई पडलीये, ही सगळी खबर त्यांच्याकडे आधी यायची. उपास शेजारणीने धरला की त्याही धरायच्या. शेजारणीने सोडला की सोडायच्या. सकाळच्या हास्य क्लबात जायच्या, त्याने फुप्फुसं सुधारतात असं तिथे सांगत असत, पण काकू जायच्या त्या नंतरच्या अर्ध्या तासाच्या गप्पांसाठी. आणि मंगळागौरीच्या खेळांचा त्यांचा एक गट होता. बाराजणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. श्रावणात ठिकठिकाणी त्यांचे कार्यक्रम व्हायचे. नऊवारी नेसून, नथी घालून फुगड्या, झिम्मा, सूप नाचवणं असं सगळं त्या दोन-दोन तास करायच्या. गट काकूंनी बांधलेला. सुरुवातीचा आवाज काकूंचा, शेवटची फुगडीही काकूंची.

आणि मी धावायची. शाळेत असल्यापासून. कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि सकाळी उठून सिंहगड रस्त्याने धावत सुटायचं. रविवारी गडाच्या पायथ्यापर्यंत धावायचं आणि तसंच वर चढायचं. त्या वर्षी मी पहिल्यांदाच बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं होतं. मला त्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. जेवणाचं भान नव्हतं. कधी तीन पोळ्या, कधी नुसती दोन केळी.

एका रविवारी गडावरून आले तर काका अंगणात मोसंबी सोलत बसले होते. मी पायरीवर टेकले आणि म्हणाले, "काका, दहा-बारा किलोमीटर झाले ना, की अंग असं नाहीसंच होतं. नुसता वारा."

"अंग कुठे जात नाही," ते म्हणाले. "तुम्ही जाता."

मग त्यांनी मला त्यांचं हमालांचं शास्त्र सांगितलं. हे त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं, चाळीस वर्षं यार्डात उभं राहून जमवलेलं होतं.

"ट्रक आला की पेट्या उतरवायच्या. काम सगळ्यांना सारखं. पण आमच्याकडे एकजण होता, विसाव्या पेटीनंतर कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा. कुणी शिव्या घालो. पाणी प्यायचा, बसायचा, मग उठायचा. त्याचं लक्ष अंगात राहायचं. दुसरा असा, की बाकीचे उचलताहेत तोवर हाही उचलणार. त्यांच्यात हसणार, त्यांच्यात बसणार. पाठ मोडायला आली तरी एकटा बाजूला बसणार नाही. त्याचं लक्ष चारचौघांत. आणि तिसरा. त्याला कुणाचंच पडलेलं नसायचं, स्वतःच्या अंगाचंसुद्धा. त्याच्या डोक्यात एकच काहीतरी. कुस्ती म्हणा, पैज म्हणा, एखादी बाई म्हणा. तो पेटला की दोन-दोन पेट्या घेऊन पळायचा. बघायला फार सुंदर दिसायचं. आणि विझला की चार दिवस यायचाच नाही."

"म्हणजे मी तिसरी."

"मी कुठे काय म्हटलं?" त्यांनी मोसंबीची एक फोड माझ्या हातावर ठेवली. "शरीर तिघांना सारखंच मिळतं हो. तिथली खबर मात्र सारखी पोचत नाही. माझी मला लगेच कळते. हिची हिला चारजणींनी सांगितली तर कळेल. तुमची तुम्हाला पडल्याशिवाय कळायची नाही."

काकू आतून म्हणाल्या, "झालं शास्त्र? ती दमून आलीये, तिला पाणी विचारलंत का?"

काकांनी मला पाणी विचारलेलं नव्हतं. ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना ते आवडलं नाही. त्यांच्या शास्त्रात ते कुठे बसतं याचा विचार करत ते बराच वेळ हातातली साल चिवडत बसले.

शर्यतीला महिना राहिला असताना एके सकाळी मी धावायला म्हणून जिना उतरले तर काका वाटेत उभे.

"डावा पाय चुकतोय."

"कुठे?"

"गेले नऊ दिवस तुम्ही उतरताना डावं पाऊल आधी टाकता आणि लगेच उचलता. वर्षभर असं नव्हतं."

नडगीत दुखत होतं हे खरं होतं. दुखतं ते सगळ्याच धावणाऱ्यांचं दुखतं, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं. धावायला लागल्यावर पहिली दहा मिनिटं कळ यायची, मग विसरायला व्हायचं.

"काका, उशीर होतोय मला."

"डाव्या पायावर एक उडी मारून दाखवा आणि जा. मी अडवणार नाही."

मी उडी मारली. म्हणजे मारायला गेले. पाय जमिनीला लागला तेव्हा डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि मी जिन्याचा कठडा धरला. "बघा, मी सांगितलं होतं" असा चेहरासुद्धा केला नाही काकांनी. आत जाऊन चपला घालून आले आणि रिक्षा बघायला निघाले.

नडगीच्या हाडाला बारीक तडा होता. डॉक्टर म्हणाले, त्या पायावर बेचाळीस किलोमीटर धावला असतात तर हाड दोन तुकडे होऊनच थांबलं असतं. आठ आठवडे धावणं बंद, पहिले काही आठवडे काठी. मी रिक्षात रडले. काका शेजारी ताठ बसून समोर बघत होते. शेवटी म्हणाले, "शर्यत दर वर्षी असते. नडगी तीच."

याला धीर म्हणत असतील तर तो त्यांचा धीर.

खरा धीर काकूंनी दिला. खालून डबा यायला लागला. गल्लीतल्या बायका बघून जायला लागल्या. माझ्या पायात तडा आहे हे चौथ्या दिवशी मला भाजीवाल्याने सांगितलं. काठी टेकत थोडं चालायची परवानगी मिळाली तेव्हा काकू मला संध्याकाळी बरोबर घेऊन जायला लागल्या. गल्लीच्या टोकाला, थोड्या चढावर, एक गणपतीचं देऊळ आहे. तिथपर्यंत जायचं आणि यायचं.

काकू त्या वाटेवर प्रत्येक फाटकापाशी थांबायच्या. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. काका म्हणायचे, "दहा मिनिटांवरच्या देवाला आमच्या घरून पाऊण तास लागतो." ते स्वतः काकूंबरोबर कधी चालायचे नाहीत. त्यांच्या चालीचा ताल मोडायचा.

मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी बरोबरीने इतकं हळू चालत होते. धावताना न दिसलेल्या गोष्टी दिसत होत्या. तीन-चार दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. काकू फाटकापाशी थांबून प्रश्न विचारायच्या. "मग पुढे काय म्हणाले ते तिच्या सासरचे?" असा, ज्याचं उत्तर लांबलचक येणार असा प्रश्न. आणि मग स्वतः गप्प उभ्या राहायच्या. काकू आणि गप्प! समोरची बाई भरभरून सांगत राहायची आणि काकूंचा पदर छातीवर वरखाली होत राहायचा.

मग एक दिवस काकू एका बंद घरापाशी थांबल्या. त्या घरातले सगळे गावाला गेले होते, हे मला काकूंनीच सांगितलं होतं. फाटकाला कुलूप होतं. काकू फाटकाचा गज धरून आत बघत राहिल्या.

"कुणाला बघताय, काकू?"

"जास्वंद बघते. किती फुललीये."

जास्वंद फुललेली होती, खोटं नाही. पण काकूंचा दुसरा हात जबड्याखाली होता आणि कपाळावर घाम होता. आषाढ संपत आला होता, हवा गार होती.

"जबडा दुखतोय?"

"पित्त गं. वर चढतं."

"कधीपासून?"

त्यांनी पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "दिवाळीपासून. थांबलं की थांबतं."

म्हणजे नऊ महिने. मी म्हणाले, "काकांना सांगायला हवं."

"खबरदार," काकू म्हणाल्या. माझ्याशी त्या इतक्या कडक कधी बोलल्या नव्हत्या. "यांना सांगितलंस तर हे मला खुर्चीत बसवतील. पंधरा दिवसांवर पहिला कार्यक्रम आलाय. मी बसले की बाकीच्या अकराजणी बसतील. शपथ घे माझी."

मी शपथ घेतली. घेतली आणि त्या क्षणापासून ती मोडायची कशी याचा विचार करायला लागले. मला त्यांचा इतका लळा होता की त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर मला ती खोली सोडावी लागली असती. पण ती जास्वंद डोळ्यांपुढून हलत नव्हती. सकाळी उठून मी खाली गेले. काका आरसा घेऊन पायरीवर बसले होते. काकू क्लबात गेल्या होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

काकांनी आरसा पालथा ठेवला.

"कुठल्या फाटकापाशी थांबते?"

"सगळ्याच."

"थांबायचीच ती," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून थांबते. बोलायला थांबते. मी वैतागून पुढे निघून जायचो." मग म्हणाले, "तुमचं पाऊल मला नवव्या दिवशी कळलं. हिचं नऊ महिने कळलं नाही. मी ऐकतच नव्हतो हो. ती बोलत असते ना सारखी, म्हणून मी ऐकणं बंद केलं होतं."

इतका गोंधळलेला माणूस मी पाहिला नव्हता. फार मोठं नुकसान झाल्यासारखे ते स्वतःच्या दोन्ही तळव्यांकडे बघत होते.

दुपारी खाली मोठं भांडण झालं. काकांना दुसरं काही येत नव्हतं, म्हणून ते काकूंशी शरीराबद्दल बोलले. रक्तवाहिन्या, हृदय, वय. काकूंचं उत्तर मला वर ऐकू आलं : "अहो, तुम्हाला शरीर आहे. मला कार्यक्रम आहे." मग स्वयंपाकघरात भांडी आदळल्याचे आवाज. संध्याकाळी काकू मला देवळात न्यायला आल्या नाहीत.

दोन दिवस ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते आणि काकू माझ्याशी. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू बाहेर पडल्यावर काका वर आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"त्या अकराजणी कुठे राहतात, तुम्हाला माहीत आहे?"

"हो. का?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी कुणाकडे कधी गेलेलो नाही. दाखवाल?"

मी काठी घेतली आणि आम्ही निघालो. पहिल्या घराची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईने काकांना बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. काका दारात आलेत म्हणजे काकूंचं काहीतरी बरंवाईट झालं, असंच तिला वाटलं. काका सोफ्याच्या अगदी कडेला बसले. त्या बाईने चहा आणला. मी म्हणणार होते की काका चहा पीत नाहीत. पण त्यांनी कप उचलला आणि औषधासारखा संपवला. मग म्हणाले, "आमची ही चालताना दमते. जबडा धरते. सांगत नाही कुणाला. माझं ऐकत नाही, कारण मी नेहमीच असं बोलतो. तुमचं ऐकेल."

हीच वाक्यं त्यांनी अकरा घरांत म्हटली. अकरा घरांत चहा झाला. आल्याचा, गवती चहाचा, दुधाळ, एका घरात तर वेलदोडे घातलेला. चौथ्या घरात पोहे आले, ते त्यांनी खाल्ले. मी वाटेत म्हणाले, "काका, नको म्हणायचं की."

"नको म्हणणारा माणूस म्हणून मला सगळे ओळखतात," ते म्हणाले. "नको म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं?"

सातव्या घरातल्या बाई फटकळ होत्या. दारातच म्हणाल्या, "वीस वर्षांत कधी पायरी चढला नाहीत. आज काम पडलं तेव्हा आलात."

"हो," काका म्हणाले. "काम पडलं."

त्या बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या. "साखर किती?"

"तुम्ही घालाल तितकी."

अकराव्या घरातून निघालो तेव्हा काकांचा चेहरा लाल झाला होता. छातीत धडधडतंय, असं ते म्हणाले. पण मनगटावर बोटं ठेवली नाहीत. मी मुद्दाम बघत होते.

पुढचं त्या बायकांनी ठरवलं आणि ते काकांना सात जन्मांत सुचलं नसतं. संध्याकाळी सरावाला फटकळ बाई म्हणाल्या, "यंदा सगळ्यांनी हृदय तपासून घ्यायचं. दोन-दोन तास नाचायचं आणि कुणी स्टेजवर पडलं तर गटाचं नाव जाईल. बाराच्या बारा जाणार. एक जरी आली नाही तरी कार्यक्रम रद्द." काकू लगेच उठल्या. कोण कोणाबरोबर जाणार, कोणत्या वारी, उपाशीपोटी जायचं का, हे सगळं त्यांनीच ठरवलं. तपासणीच्या दिवशी त्या बाराजणींसाठी थालीपिठांचा डबा घेऊन निघाल्या. चार रिक्षा त्यांनीच सांगितल्या होत्या. पाचवीतून मी आणि काका मागोमाग गेलो.

दवाखान्यातल्या लोकांनी असली वरात बघितली नसावी. एकेकीला चालत्या पट्ट्यावर चढवत होते आणि बाकीच्या दाराबाहेरून टाळ्यांचा ठेका धरत होत्या. काकू नवव्या होत्या. चार मिनिटं झाली आणि आतल्या डॉक्टरांनी पट्टा थांबवला. त्या खाली उतरल्या त्या चालत बाहेर आल्याच नाहीत. त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवूनच दुसऱ्या मजल्यावर नेलं. हृदयाकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बुजली होती. डॉक्टर काकांना म्हणाले, "त्या या आठवड्यात नाचल्या असत्या, तर तुम्ही इथे त्यांच्याबरोबर आला नसतात." काकांनी मान हलवली. त्यांना ते आधीच कळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेंट घातला. आत नेताना काकूंनी काकांना हाक मारली. सगळ्यांना वाटलं, काही नाजूक बोलायचंय. काकू म्हणाल्या, "तुम्ही अकरा घरी चहा प्यायलात म्हणे."

"हो."

"आणि माझ्या हातचा लग्नापासून एकदाही नाही."

"बाहेर या," काका म्हणाले. "करा. पितो."

त्यांनी प्यायला. रोज एक कप, संध्याकाळी पाच वाजता, तोंड वाकडं करून. काकूंनी मला माफ केलं ते घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी. "शपथमोडी मेली," म्हणाल्या आणि माझ्या ताटात दुप्पट भात वाढला. त्या श्रावणातला पहिला कार्यक्रम रद्द झाला, शेवटचा मात्र झाला. काकू स्टेजच्या कडेला खुर्चीत बसून माईकवर गायल्या. अकराजणी त्यांच्याभोवती नाचल्या, एकही बसली नाही.

माझी नडगी भरून आली. त्या वर्षीची शर्यत गेली, पुढच्या वर्षीची मी धावले. आता मी धावते तेव्हा अंग नाहीसं होत नाही. थोडी मजा कमी झाली आहे, हे मी कबूल करते.

काकांचं शास्त्र मात्र त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "होतं एक. कच्चं निघालं."

त्यांची शेवटची म्हणून जी आठवण मनात राहिली आहे ती मी खोली सोडायच्या थोडी आधीची. काकूंना पूर्ण बरं वाटायला लागलं होतं आणि त्यांचा गट चार दिवसांसाठी कोकणात गेला होता. काकांनी औषधांच्या पुड्या वेळा लिहून बरोबर दिल्या होत्या आणि स्टँडवर सोडायलाही गेले होते. काकू घरात नसणं हे काही त्यांना नवं नव्हतं. आयुष्यातली निम्मी जेवणं ते एकटेच जेवले होते आणि ती त्यांना आवडायची.

रविवार होता. दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. काका होते.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मी ताट वाढून घेतलं होतं," ते म्हणाले. "भोपळ्याची भाजी, वरण, भात. मीच केलंय, चांगलं झालंय. भूक आहे. ताप नाही. कुठे दुखत नाही. आणि परवापासून घास खाली उतरत नाहीये." मला काही विचारताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू झाला. "असं मला कधी झालेलं नाही. हे कशाचं लक्षण असावं?"

मी म्हणाले, "काका, तुम्हाला काकूंची आठवण येतेय."

त्यांनी ते ऐकलं आणि नीट तपासून बघितलं. डोळे बारीक करून, दाराच्या चौकटीला हात लावून, बराच वेळ.

"असं होतं यात?"

"असंच होतं."

"बरं," ते म्हणाले. "मग काय करायचं असतं?"

मी माझं ताट घेतलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्या समोर बसले. त्यांनी मला वाढलं. मी खायला लागल्यावर थोड्या वेळाने त्यांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे बघतच चावला आणि गिळला.

"उतरला," ते म्हणाले.